लाल नाकाचा रेनडियर, तीन पायांचा कुत्रा

६ डिसेंबर १९६४ च्या रविवारी अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर रुडॉल्फ नावाच्या लाल नाकाच्या रेनडियरची गोष्ट पहिल्यांदा दाखवली गेली. बाहुली तसूभर हलवायची, फोटो घ्यायचा, पुन्हा हलवायची, अशा कष्टानं ती जपानमधल्या एका स्टुडिओत तयार झाली होती. गोष्टीत एक बेट येतं. कुणालाच नको असलेली खेळणी तिथं राहतात: अंगभर ठिपके असलेला हत्ती, चौकोनी चाकांची आगगाडी, पाण्याऐवजी जेली उडवणारी पिचकारी, उडण्याऐवजी पोहणारा पक्षी. तुमच्याबद्दल सांताला सांगतो, असा शब्द रुडॉल्फ त्यांना देतो. पुढे वादळ येतं, रुडॉल्फच्या नाकाच्या उजेडात सांताची गाडी निघते, सगळीकडे आनंदीआनंद होतो आणि गोष्ट संपते. खेळणी बेटावरच राहतात.

प्रेक्षकांनी तक्रारी केल्या. खेळण्यांचं काय झालं? मग १९६५ मध्ये शेवटाला एक नवा प्रसंग जोडला गेला. सांता बेटावर येतो आणि खेळण्यांना गाडीत घेतो. आज साठ वर्षांनंतरही तोच शेवट दाखवतात.

ही हकिकत मला फार बोलकी वाटते. वेगळ्या दिसणाऱ्याला हसू नये, हे तात्पर्य गोष्टीत ठसठशीत होतं. पण तक्रार तात्पर्याबद्दल नव्हतीच, ती सरळ हिशेबाची होती. शब्द दिला होता, पाळला का? लहान मुलं पडद्यावरचा चांगुलपणा कसा पाहतात, हे समजून घ्यायचं तर सुरुवात इथूनच करावी. पात्रं काय बोलतात त्यापेक्षा ती काय करतात याची नोंद मुलं ठेवतात. गोष्ट लिहिणाऱ्या मोठ्यांना वाटतं त्यापेक्षा ही नोंद बरीच वेगळी निघते.

आधी या प्रकाराची थोडी ओळख करून घेऊ. 'हॉलिडे स्पेशल' म्हणजे सणाच्या दिवसांत नेहमीचे कार्यक्रम बाजूला सारून दाखवायची, एका बैठकीत संपणारी स्वतंत्र गोष्ट. अमेरिकेत हा प्रकार मुख्यतः नाताळाभोवती वाढला. खास टीव्हीसाठी बनवलेली पहिली अ‍ॅनिमेटेड नाताळगोष्ट १९६२ ची. डिकन्सच्या १८४३ मधल्या कंजूष स्क्रूजच्या कथेवर ती बेतली होती आणि स्क्रूजचं काम मिस्टर मगू या जवळजवळ काहीच न दिसणाऱ्या, आधीपासून लोकप्रिय असलेल्या कार्टून म्हाताऱ्यानं केलं होतं. मग १९६४ मध्ये रुडॉल्फ, १९६५ मध्ये चार्ली ब्राउनचा नाताळ, १९६६ मध्ये नाताळ चोरणारा ग्रिंच, १९६९ मध्ये फ्रॉस्टी नावाचा बर्फाचा माणूस. सात वर्षांत पाच गोष्टी आल्या आणि नंतरच्या शेकडो स्पेशलचा साचा यांनीच घालून दिला.

त्या काळी अमेरिकेत मोठ्या वाहिन्या तीनच होत्या आणि घरात कार्यक्रम रेकॉर्ड करून ठेवायची सोय नव्हती. चुकलं की वर्षभर थांबायचं. त्यामुळे हे पंचवीस मिनिटांचे किंवा तासाभराचे कार्यक्रम स्वतःच सणाचा भाग होऊन बसले. एकाच संध्याकाळी एकच गोष्ट देशभरातली मुलं पाहत. दुसऱ्या दिवशी शाळेत बोलायला सगळ्यांना एकच विषय.

पैसे कुठून येत होते, हेही पाहण्यासारखं आहे. रुडॉल्फचा प्रायोजक होता जनरल इलेक्ट्रिक. मूळ प्रसारणात सांताचे बुटके कारागीर मधल्या वेळात येऊन घरगुती विजेच्या उपकरणांची जाहिरात करत. चार्ली ब्राउनच्या गोष्टीत नाताळाचा बाजार झाला म्हणून नायक खिन्न असतो, त्याची धाकटी बहीण सांताला पत्र लिहून भेटीऐवजी दहा-वीस डॉलरच्या नोटाच मागते, आणि या सगळ्याचा खर्च उचलला होता कोका-कोलानं. मूळ प्रतीत सुरुवातीलाच बर्फावर घसरत गेलेला चार्लीचा मित्र लायनस कोका-कोलाच्या फलकावर जाऊन आदळत असे. पुढे तो फलक कापला गेला. सण दुकानातून येत नाही हे ग्रिंचला कळतं त्या गोष्टीमागे तर बँकांची संघटना होती. बाजाराला नावं ठेवणाऱ्या गोष्टी बाजाराच्याच खर्चानं! मला यात ढोंगापेक्षा व्यवहार जास्त दिसतो. सगळं कुटुंब एकत्र बसून पाहणार आहे आणि कुणाचंही मन दुखवायचं नाही, अशी अट असली की 'दुसऱ्याशी चांगलं वागा' यासारखा बिनधोक विषय दुसरा सापडत नाही.

विषय बिनधोक असला तरी तो पोचवणं अवघड आहे. चांगुलपणा ही अमूर्त गोष्ट. पडद्यावर मात्र मूर्तच दाखवता येतं. त्यामुळे लेखक साधारण एकच वाट धरतात: कुणाला तरी बाजूला टाकलेलं असतं, किंवा कुणाचं तरी मन दगडाचं असतं. पंचवीस मिनिटांतली वीस मिनिटं ते दुःख किंवा तो दुष्टपणा रंगवायचा आणि शेवटच्या पाचात सगळं पालटायचं. मोठ्यांना ही रचना चोख वाटते, कारण आपण शेवटावरून मागे जाऊन गोष्टीचा अर्थ लावतो. चार-पाच वर्षांचं मूल तसं करत नाही. ते गोष्टीबरोबर चालतं, आणि ज्या प्रसंगात जास्त वेळ घालवलेला असतो तोच त्याच्या लक्षात राहतो.

इथे तीन पायांचा कुत्रा येतो. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या मेरी-लुईज मेअर्स आणि त्यांच्या सहकारी एमिली अकोस्टा यांनी २००८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. बालवर्गातल्या मुलांना त्यांनी क्लिफर्ड नावाच्या मोठ्या लाल कुत्र्याच्या कार्टून मालिकेतला एक भाग दाखवला. त्यात एक तीन पायांचा कुत्रा येतो. बाकीचे कुत्रे आधी बिचकतात, अंग चोरतात, मग ओळख होते आणि शेवटी सगळे त्याला आपल्यात घेतात. भाग बनवणाऱ्यांच्या मनातलं तात्पर्य उघड होतं: ज्याचं शरीर आपल्यापेक्षा वेगळं आहे त्याला घाबरू नये, खेळात घ्यावं. मुलांना विचारलं, या गोष्टीतून काय शिकायचं? बहुतेकांच्या उत्तराचा सूर असा की तीन पायांच्या कुत्र्यांशी चांगलं वागायचं.

हसू येतं, पण मुलांचं उत्तर चुकीचं नाही. गोष्टीत दिसलं तेवढंच त्यांनी सांगितलं. एका उदाहरणावरून नियम काढायचा, तो नियम उचलून कुत्र्यावरून माणसावर, पायावरून डोळ्यांवर, गोष्टीतल्या गावातून आपल्या वर्गात न्यायचा, ही कसरत मोठ्यांच्या मनात इतक्या आपसूक होते की ती कसरत आहे हेच आपण विसरलेलो असतो. मुलाला गोष्ट समजली आणि गोष्टीचा धडा समजला, या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिली पाचव्या वर्षी सहज चढता येते. दुसरीला पुढची कितीतरी वर्षं लागतात. इसापाच्या गोष्टीखाली 'तात्पर्य' वेगळं छापायची वेळ का येते, याचं उत्तरही बहुधा हेच असावं.

दुसरी अडचण वेळेच्या वाटपाची. जेमी ऑस्ट्रोव्ह, डग्लस जेंटाइल आणि निकी क्रिक या अमेरिकन संशोधकांचा २००६ मधला अभ्यास बालवाडीच्या वयाच्या मुलांवर होता. शैक्षणिक कार्यक्रम जास्त पाहणाऱ्या मुलांमध्ये मारामारी वाढलेली असेल असं कुणी म्हणणार नाही. पण वेगळ्या जातीचा त्रास त्यांना जास्त दिसला: कट्टी करणं, 'तू आमच्यात नाहीस' म्हणणं, मैत्री तोडायची धमकी देणं. यावरून कार्यक्रमच दोषी ठरत नाहीत, कारण दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असं नसतं. पण संशोधकांनी सुचवलेलं कारण विचार करायला लावणारं आहे. कार्यक्रमाचा बराच वेळ भांडण कसं होतं हे तपशिलात दाखवण्यात जातो आणि ते मिटतं मात्र दोन वाक्यांत. भांडायचं कसं याची पाककृती सविस्तर, मिटवायचं कसं याची 'चवीपुरतं मीठ' छापाची.

रुडॉल्फची गोष्ट या नजरेनं पुन्हा पाहा. बाप मुलाच्या नाकाची लाज वाटून ते झाकतो. नाकावरचं आवरण गळून पडताच सवंगडी नावं ठेवतात. शिकवणारा मास्तर सगळ्यांदेखत जाहीर करतो की याला आता खेळात घ्यायचं नाही. खुद्द सांतासुद्धा बापालाच म्हणतो की तुला लाज वाटायला हवी. नाताळच्या गोष्टीत सांता हा न्यायाधीश असतो. इथे न्यायाधीशच चिडवणाऱ्यांच्या बाजूला. पुढे चूक उमगते, माफीही मागितली जाते, पण ती निवेदकाच्या चार वाक्यांत उरकते. डोळे दिपवणारा क्षण राखून ठेवलेला आहे तो नाकाच्या उपयोगासाठी. वादळात दिवा हवा होता, नाक कामाला आलं, आणि मग जयजयकार.

या गोष्टीवरचा नेहमीचा आक्षेप इथूनच निघतो: वेगळा असशील तर चालेल, पण आमच्या काही कामाचा असलास तर. आक्षेप खरा आहे. मूळ कथा रॉबर्ट मे यांनी १९३९ मध्ये माँटगोमेरी वॉर्ड या मोठ्या दुकानासाठी लिहिली, मुलांना फुकट वाटायच्या पुस्तिकेसाठी. १९४९ च्या गाण्यातही क्रम तोच आहे, आधी उपयोग आणि मग प्रेम. टीव्हीवरच्या रूपात मात्र दोन जागा अशा आहेत जिथं ही अट नाही. एक क्लॅरिस ही छोटी रेनडियर मैत्रीण, जिला नाक पहिल्यापासून आवडतं आणि जी त्याच्याबरोबर चालते. आणि दुसरी जागा म्हणजे १९६५ चा तो जोडलेला प्रसंग. चौकोनी चाकांच्या आगगाडीचा कुणालाही उपयोग नाही. ती वादळात कुणाला वाट दाखवणार नाही. तरी तिला घ्यायला सांता येतो, कारण शब्द दिला होता. म्हणजे प्रेक्षकांनी हिशेबातली चूक म्हणून जे दुरुस्त करून घेतलं, त्यानं गोष्टीची नीतीही सावरली गेली. पटकथेच्या अभ्यासवर्गात शिकवावं असं हे उदाहरण आहे.

मग या गोष्टींचा परिणाम होतो की नाही? होतो, पण बेताचा. मेअर्स आणि एमरी वूडर्ड यांनी २००५ मध्ये अशा ३४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. चांगलं वागणं दाखवणारे कार्यक्रम पाहून मुलांचं वागणं थोडं सुधारतं, असं त्यातून दिसलं. फरक लहान होता, पण होता. मात्र मारामारीला चांगल्या हेतूचं आवरण चढवलेले कार्यक्रम, म्हणजे नायक सत्यासाठी सगळ्यांना बदडून काढतो तसले, उलटे पडतात.

परिणाम कोणत्या वाटेनं होतो, याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण १९७५ मधलं. जॉइस स्प्राफ्किन, रॉबर्ट लीबर्ट आणि रीटा पूलोस यांनी पहिलीतल्या मुलांना लॅसी या कुत्रीच्या मालिकेतला एक भाग दाखवला. त्यात एक मुलगा जीव धोक्यात घालून खाणीच्या खड्ड्याच्या काठावरून पिल्लाला वाचवतो. दुसऱ्या गटाला त्याच मालिकेतला साधा भाग, तिसऱ्या गटाला एक कौटुंबिक विनोदी मालिका दाखवली. नंतर प्रत्येक मुलाला एक खेळ दिला. जितके गुण जास्त तितकं बक्षीस मोठं. कानाला लावलेल्या यंत्रातून दूरची पिल्लं केविलवाणी ओरडताना ऐकू येत होती आणि मदत बोलवायला एक बटण होतं. बटण दाबून धरायचं तर खेळ सोडावा लागे, गुण बुडत. सुटका पाहिलेल्या मुलांनी ते बटण इतरांपेक्षा जास्त वेळ दाबून धरलं.

दोन गोष्टी टिपण्याजोग्या आहेत. एक, त्या भागात भाषण नव्हतं, कृती होती, आणि तिची किंमत मुलाला दिसत होती. दुसरी, पडद्यावर पिल्लू होतं आणि परीक्षेतही पिल्लूच होतं. तीन पायांच्या कुत्र्याच्या गोष्टीत जो अक्षरशःपणा आडवा आला तोच इथं मदतीला धावून आला. मूल जसंच्या तसं उचलतं. मग जसंच्या तसं उचलण्यासारखं काहीतरी समोर ठेवलेलं बरं.

चार्ली ब्राउनच्या गोष्टीत असं काहीतरी आहे. ९ डिसेंबर १९६५ ला सीबीएसवर ती आली तेव्हा वाहिनीच्या लोकांना ती फसणार याची खात्री होती. गती संथ, मुलांचे आवाज खऱ्या लहान मुलांचे, पार्श्वभूमीला जॅझ आणि मागे हशा टाकलेला नाही. वर लायनस रंगमंचावर उभा राहून बायबलमधला लूकच्या शुभवर्तमानातला उतारा म्हणतो. पुढच्या वर्षी त्याच कार्यक्रमाला एमी आणि पीबडी असे दोन्ही सन्मान मिळाले. गोष्टीचं हृदय म्हणून सगळे त्या उताऱ्याकडे बोट दाखवतात. मोठ्यांपुरतं ते बरोबरही असेल. लहान मुलासाठी खरा प्रसंग त्यानंतरचा आहे. चार्लीनं आणलेलं किडकिडीत झाड एका गोळ्याच्या भारानं वाकतं, तो हताश होऊन निघून जातो, आणि मग लायनस आपली निळी चादर त्या झाडाच्या बुडाशी गुंडाळतो. ही चादर तो कधी हातातून सोडत नाही, ती काढली तर तो कासावीस होतो, हे मुलाला ठाऊक असतं. या झाडाला थोडी माया हवी, एवढंच म्हणून त्यानं ती झाडाला दिली. बाकीची मुलं मग चार्लीच्या कुत्र्याच्या, स्नूपीच्या घरावरची सजावट काढून झाडावर चढवतात. थोड्या वेळापूर्वी याच मुलांनी चार्लीला हसून बेजार केलेलं असतं. 'माफ कर' हा शब्द कुठंच नाही, आणि त्याची उणीवही भासत नाही.

ग्रिंचची करामत वेगळी. दिग्दर्शक चक जोन्स यांनी मूळ पुस्तकातल्या काळ्या-पांढऱ्या ग्रिंचला हिरवा रंग दिला आणि अभिनेते बोरिस कार्लोफ यांच्या आवाजात निवेदन ठेवलं. 'मन मोठं होणं' हा वाक्प्रचार त्यांनी अक्षरशः चित्रात आणला. ग्रिंचचं काळीज मापापेक्षा लहान असतं, आणि शेवटी ते छातीत फुगत फुगत तीन मापांनी मोठं होतं, मोजायची चौकट फोडून बाहेर येतं. अमूर्ताला मूर्त करण्याचं यापेक्षा चोख उदाहरण मला आठवत नाही. त्याच दमात तो कड्यावरून घसरणारी सामानाची गाडी उचलून धरतो. मन मोठं झालं, लगेच हात कामाला लागले. गावकरी त्याला काही विचारत नाहीत, जेवायला बसवतात.

तरीही मूल काय पाहील याचा नेम नाही. माझ्या चार वर्षांच्या भाचीबरोबर मी ही गोष्ट पाहिली तेव्हा तिचं सगळं लक्ष मॅक्सवर, म्हणजे ग्रिंचच्या कुत्र्यावर होतं. ग्रिंच त्याच्या इवल्याशा डोक्याला जडशीळ शिंग बांधतो, ते बिचारं तोंडावर पडतं, मग एकटंच तेवढी मोठी गाडी ओढतं. काळीज मोठं झालं, गावात गाणी झाली, सगळं झालं. भाचीचा प्रश्न एकच: "मॅक्सला सॉरी म्हटलं का त्यानं?" मला उत्तर देता आलं नाही.

आता बक्षिसाबद्दल थोडं. नाताळच्या गोष्टींत चांगल्या मुलांना भेटी मिळतात, सांताकडे यादी असते. ही रचना मुलांना आवडते, पण मदतीच्या वृत्तीला ती पोषक आहे का, याबद्दल शंका घ्यायला जागा आहे. लाइपझिगमधल्या संशोधन संस्थेत फेलिक्स वार्नेकेन आणि मायकल टोमासेलो यांनी २००६ मध्ये दाखवलं की अवघ्या १८ महिन्यांची मुलंसुद्धा अनोळखी माणसाच्या हातून पडलेली वस्तू न सांगता उचलून देतात, हात भरलेले असले तर कपाटाचं दार उघडून देतात. ना शाबासकी, ना खाऊ. २००८ मध्ये त्यांनीच पुढचा प्रयोग केला. २० महिन्यांच्या काही मुलांना प्रत्येक मदतीमागे बक्षीस दिलं आणि मग बक्षीस बंद केलं. त्या मुलांची मदत कमी झाली. ज्यांना पहिल्यापासून काहीच मिळालं नव्हतं ती मदत करतच राहिली. म्हणजे चांगुलपणाची सुरुवात टीव्हीला करून द्यावी लागत नाही. ती आधीच झालेली असते. त्यामुळे 'मदत केली म्हणून सांता आला' यापेक्षा लायनसची चादर मला अधिक सुरक्षित वाटते. त्याला तिच्या बदल्यात काहीच मिळत नाही.

या गोष्टींत प्राण्यांचाच सुळसुळाट का, हा प्रश्नही निघतो. प्राणी कुठल्याही मुलाला आपला वाटतो, असा समज आहे. टोरांटोमधल्या एका अभ्यासात चार ते सहा वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याची गोष्ट वाचून दाखवली, काहींना माणसांची, काहींना माणसांसारखे कपडे घातलेल्या प्राण्यांची. माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी नंतर आपले स्टिकर जास्त वाटले. तो अभ्यास पुस्तकांचा होता, कार्टूनचा नव्हता, म्हणून फार ताणू नये. पण पात्र जितकं आपल्यापासून दूर, तितका धडा घरी आणायचा रस्ता लांब, हे तीन पायांच्या कुत्र्याशी जुळतं.

हा रस्ता जवळ करायचे दोन उपाय ठाऊक आहेत. पहिला, पुन्हा पाहणं. ब्लू नावाच्या कार्टून कुत्रीच्या एका मालिकेचा एकच भाग तीन ते पाच वर्षांच्या मुलांना लागोपाठ पाच दिवस दाखवला तेव्हा त्यांची समज वाढत गेली, आणि गप्प बसून पाहणारी मुलं पडद्याला उत्तरं देऊ लागली. मोठ्यांना कंटाळा येतो तिथून मुलाचं शिकणं सुरू होतं. वर्षातून एकदा येणाऱ्या स्पेशलचं पुन्हा पाहणं आणखी निराळं: गोष्ट तीच, पण पाहणारं मूल दरवर्षी वेगळं. चौथ्या वर्षी रुडॉल्फमधला बर्फातला राक्षस भीती घालतो. सहाव्या वर्षी खेळात न घेतल्याचा सल बोचतो, कारण एव्हाना शाळेत तो अनुभव आलेला असतो. नवव्या वर्षी बाप मुलाचं नाक का झाकतो हे कळतं, आणि तेव्हा गोष्ट जरा कडू लागते.

दुसरा उपाय शेजारी बसणं. टेक्सास टेक विद्यापीठातल्या २०१६ च्या एका अभ्यासात डॅनियल नावाच्या छोट्या वाघाची, भावना समजून घ्यायला शिकवणारी मालिका मुलांना दाखवली. नुसती मालिका पाहून सहानुभूती वाढली असं दिसलं नाही. ज्या घरी पाहिलेल्या गोष्टींवर आईवडील मुलांशी बोलत, तिथं फरक दिसला. बोलायचं म्हणजे प्रवचन नको. 'त्याला आत्ता कसं वाटलं असेल?' किंवा 'तुमच्या वर्गात असं कुणी आहे का?' एवढं पुरतं. कुत्र्यावरून माणसावर नेणारा पूल मुलाला एकट्याला बांधता येत नाही. त्यातली एक फळी मोठ्यानं टाकली की ते स्वतःच पलीकडे जातं. तेही गोष्ट चालू असताना विचारलेलं जास्त उपयोगी, संपल्यावर मूल उठून पळालेलं असतं.

आणि काही वेळा पूल बांधायचा नसतोच. २६ डिसेंबर १९८२ ला ब्रिटनमध्ये, नुकत्याच सुरू झालेल्या चॅनल फोरवर बर्फाच्या माणसाची एक गोष्ट आली. रेमंड ब्रिग्ज यांच्या चित्रांवरून केलेली, सव्वीस मिनिटांची, एक गाणं सोडलं तर गोष्टीत एकही शब्द नाही. मुलगा बर्फाचा माणूस करतो, रात्री तो जिवंत होतो, मुलगा त्याला पाहुण्यासारखं घर दाखवतो आणि मग पाहुणा यजमानाला आकाशात फिरवून आणतो. सकाळी अंगणात नुसता वितळलेला ढिगारा. मुलाच्या खिशात मात्र रात्री भेट मिळालेला गळपट्टा सापडतो. कुणी कुणाला वाचवत नाही, कुणाचं मनपरिवर्तन होत नाही. दोघं एकमेकांशी मायेनं वागतात, एवढंच. यातून काय शिकायचं असं मुलाला विचारलं तर ते बहुधा आपल्याकडेच विचित्र नजरेनं पाहील. तरी हातात तो गळपट्टा धरून उभ्या असलेल्या मुलाला पाहून लहान मुलं गप्प होतात, आणि त्या गप्प होण्यात काहीतरी शिकणं चाललेलं असतं असा माझा अंदाज आहे. तो सिद्ध करायला माझ्याकडे अभ्यास नाही.

रुडॉल्फकडे परत येतो, कारण तिथला हिशेब अजून पुरा झालेला नाही. १९६५ च्या दुरुस्तीत शेवटच्या श्रेयनामावलीखाली एक गंमत जोडली आहे. उडत्या गाडीतून एक बुटका कारागीर बेटावरची खेळणी एकेक करून खाली सोडतो. प्रत्येकाच्या हातात छत्री देतो, म्हणजे ते अलगद उतरेल. ठिपक्यांच्या हत्तीला छत्री मिळते. मग येतो पक्षी. पक्ष्याला छत्री कशाला, असं म्हणून तो त्याला तसाच सोडून देतो. पण हा पक्षी तर पोहणारा आहे, उडता येत नाही म्हणूनच तो त्या बेटावर होता. मोठ्यांचं लक्ष तोवर टीव्ही बंद करण्याकडे असतं.